नवा जीपीएस घ्या, पण आधी तिथी विचारा!

आपल्या ॲडव्हेंचर क्लबच्या मीटिंगमध्ये परवा ठराव आला : कयाकिंगसाठी नवा हँडहेल्ड जीपीएस घ्यायचा. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला, पण सोबत एक अट घातली. त्या अटीवरून जी काही भांडणं झाली, त्यामुळेच हा लेख लिहावा लागतोय.

पहिला आक्षेप नेहमीचाच. "मोबाइल आहे की!" मान्य. नकाशा आधी डाउनलोड केला असेल तर मोबाइलचा जीपीएस रेंज नसतानाही चालतो. पण मित्रहो, खाडीत ओल्या बोटांनी टचस्क्रीन वापरून बघा. पाण्याच्या थेंबालाही तो बोट समजतो! दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि हातातून सुटला तर थेट तळाशी. त्यामुळे आपल्याला हवा बटणांचा, उन्हात वाचता येणारा आणि पाण्यावर तरंगणारा जीपीएस. गार्मिनच्या जीपीएसमॅप ७९ सिरीजसारखे खास पाण्यासाठी बनवलेले सेट तरंगतात. मात्र सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं मॉडेल कितीही भारी वाटलं तरी नको. भारतात सरकारी परवानगीशिवाय तसं उपकरण बाळगणं बेकायदेशीर आहे. साधा जीपीएस फक्त सिग्नल ऐकतो, त्याला अडचण नाही.

दुसरा मुद्दा अचूकतेचा. २ मे २००० रोजी अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या जीपीएसमधला १०० मीटरपर्यंतचा फरक एका रात्रीत १०-२० मीटरवर आला. आता काही सेट दोन फ्रिक्वेन्सी वापरतात. आयनोस्फिअरमध्ये सिग्नलला होणारा उशीर प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो, त्यामुळे दोघांची तुलना करून ती चूक काढता येते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी यावर खुशाल सेमिनार द्यावा! पण कयाकवाल्याला त्याचा उपयोग किती? इथेच माझी अट येते.

गेल्या वर्षी डिसेंबरात आम्ही चौघे रेवदंड्याच्या खाडीत गेलो होतो. मामाने दिलेला जुना पिवळा जीपीएस माझ्या गळ्यात. आदल्या ट्रिपचा ट्रॅक त्यात सेव्ह केलेला. परतताना साडेचार वाजले. मी म्हटलं, तिवरांमधून शॉर्टकट आहे, जेट्टी सरळ रेषेत ६०० मीटर. जीपीएस अगदी बरोबर होता. आम्ही ट्रॅकवरच होतो. फक्त ट्रॅकवर पाणी नव्हतं!

मागच्या वेळी आम्ही तिथून गेलो तेव्हा भरती होती. आता कयाक चिखलात रुतली. उतरायला गेलो तर पाय मांडीपर्यंत आत. रात्री साडेनऊला पाणी परत आलं तेव्हा सुटलो. पाच तास! थंडी, डास, आणि त्यात सर्वांत ज्युनिअर असलेल्या मुलाला लाइफ जॅकेट नव्हतं. चौघांत तीनच होती. अंधारात पाणी चढायला लागलं तेव्हा मी माझं काढून त्याला दिलं. त्या पाच तासांत कोणी जोक मारला नाही.

जेट्टीवर एका कोळी काकांनी चहा पाजला आणि एकच प्रश्न विचारला, "पोरांनो, आज तिथी कुठली?" चार भावी इंजिनिअर गप्प! त्यांनी हिशोब सांगितला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा. त्या दिवशी वद्य प्रतिपदा होती, म्हणजे भरती पाऊणला. पौर्णिमेच्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी चार मीटरच्या आसपास बदलते आणि ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत त्यातलं निम्मं पाणी उतरतं. म्हणजे पावणेतीन ते पावणेपाच. नेमके त्याच वेळात आम्ही शॉर्टकट मारत होतो.

नव्या सेटमधला दोन-तीन मीटरचा अचूकपणा त्या दिवशी आम्हाला अधिक अचूकपणे चिखलात नेऊन ठेवणार होता, बस्स! आपण कुठे आहोत हे जीपीएस सांगतो. तिथे आत्ता पाणी आहे का, हे आपल्यालाच काढावं लागतं.

म्हणून माझी अट अशी. आधी फंडातून लाइफ जॅकेटं पुरी करा. मग नवा जीपीएस जरूर घ्या, कारण धुकं पडलं किंवा अंधार झाला तर तोच जेट्टी दाखवणार आहे. पण तो ज्याच्या गळ्यात जाईल त्याची आधी व्हायवा घ्या : आज भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, आणि परत कधी फिरायचं?

उत्तर आलं नाही तर त्या दिवशी ट्रिप कॅन्सल. कोणी चिडलं तर चिडू दे. या विषयाला एटीकेटी नाही.