विश्लेषण : टी-७२ रणगाड्याचा टरेट हवेत का उडतो?

युक्रेन युद्धात तोफेसह टरेट उडून पडलेले टी-७२ रणगाडे जगाने पाहिले. १९७३ मध्ये सोव्हिएत सैन्यात दाखल झालेल्या या रणगाड्याच्या तोफेत गोळे यंत्राने भरले जातात. त्यामुळे तीनच सैनिक लागतात. रणगाडा बुटका आणि हलका राहतो. मात्र २२ गोळ्यांची फिरती चकती कमांडर आणि गनरच्या पायाखालीच असते. चिलखत भेदून दारू पेटली, तर बाहेर पडायला वेळच उरत नाही. अमेरिकी अब्राम्समध्ये बहुतांश दारूगोळा टरेटच्या मागच्या स्वतंत्र कप्प्यात असतो.

भारतीय लष्कराकडील टी-७२ साठी मार्च २०२५ मध्ये १००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा २४.८ कोटी डॉलरचा करार झाला. त्याने रणगाड्याचा वेग वाढेल. सैनिकांच्या पायाखालचा दारूगोळा मात्र तिथेच राहील.