आपला गेम, म्हणून पास?

डोंबिवली ते ठाणे फास्ट लोकल म्हणजे वीसेक मिनिटं. ‘बीजीएमआय’ची एरांगेलवरची मॅच जाते अर्ध्या तासावर. शेवटच्या झोनमध्ये पोचेपर्यंत मागून आवाज येतो, ‘ठाणे उतरणार का?’ गेम सॉलिड आहे, पण दादर-सीएसएमटीवाल्यांचा.

आणि ‘फौजी’? सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, २६ जानेवारी २०२१ ला हा आला. सुरुवातीला मल्टिप्लेअर नाही, बंदूकही नाही, नुसती हाणामारी. देशप्रेम एकीकडे, पण बॉस, बोअर झालं!

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा २०२० मधला ‘राजी’ मात्र वेगळा. भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी, राजस्थानी महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. नजर हटत नाही. त्रिशूळ हातात आला की खांबावरून गिरकी घेत राक्षस लोळवायला मजा येते. पण तेच राक्षस, तेच डाव, आणि शेवट असा तुटलेला की वाटतं, लाइट गेली. मित्रांना हे बोललं की, ‘अरे, आपल्या पोरांनी केलाय ना!’ म्हणूनच बोलायचं. परदेशी गेमला सोडतो का आपण?

सेलमध्ये दिसला तर घ्याच. पाच-सहा तासांचा आहे, मेगाब्लॉकच्या एका रविवारात उरकतो.