वय झालं, दुसरं काय?

श्रावणातल्या एका सोमवारी आई कपिलेश्वराचं दर्शन घेऊन घरी आली, तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत निसटली होती. मागून येणाऱ्या शेजारणीनं ती उचलून आणली. आम्ही सगळे हसलो. "वयस्सातु, मत्तेनु?" म्हणत तीही हसली. आई धारवाडकडची, त्यामुळे दुखणंखुपणं अजून कन्नडमध्येच सांगते. मीही मराठीत तेच म्हटलं, "वय झालं, दुसरं काय?"

त्या वाक्यात आमचं वर्ष गेलं. तळपायांना मुंग्या येत, रात्री आग होई. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाई. नावं विसरू लागली. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वय विचारलंच नाही. विचारलं, "मधुमेहाची गोळी कोणती आणि किती वर्षं?" मेटफॉर्मिन, अकरा वर्षं. त्यांनी रक्तातलं बी-१२ तपासायला सांगितलं. ते फारच कमी निघालं.

मी कॉलेजात मराठी शिकवते, वैद्यक नव्हे. पण डॉक्टरांनी समजावलेलं सोपं होतं. विजेच्या तारेवर जसं प्लॅस्टिकचं वेष्टन असतं, तसं नसांवरही असतं. ते टिकायला बी-१२ लागतं. रक्तातल्या तांबड्या पेशी तयार व्हायलाही तेच लागतं. मेटफॉर्मिनमुळे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते नीट शोषलं जात नाही. यकृतात साठा असतो, म्हणून कमतरता काही वर्षांनी दिसते आणि तोवर माणूस म्हातारा झालेला असतो! उतारवयात पोटातलं आम्ल कमी होतं. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर आणखी भर. शिवाय बी-१२ मिळतं ते दूध, अंडी, मासे, मटणातून, भाजीभाकरीतून नव्हे. आई शुद्ध शाकाहारी, त्यात दूध आवडत नाही.

वाचकहो, गोळी वाईट आहे असं मुळीच नाही. १९५७ पासून ती मधुमेहावर वापरात आहे, आणि म्हातारपण लांबवायला तिचा उपयोग होईल का, याचाही शास्त्रज्ञ विचार करताहेत. म्हणून हे वाचून कुणीही ती आपल्या मनानं बंद करू नये. फक्त बी-१२ अधूनमधून तपासावं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २०१७ पासून तसं सुचवलं आहे. मुंग्या मधुमेहानंही येतात, म्हणून नुसता अंदाज कामाचा नाही. आणि शक्तीची म्हणून नुसती फोलिक ॲसिडची गोळी घेऊ नये. तिनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची झीज आत चालूच राहते.

आईला इंजेक्शनं सुरू झाली. चार महिन्यांत पायांची आग थांबली, नावंही बरीच आठवू लागली. तोल मात्र पूर्ण सावरला नाही. नसांचं नुकसान फार दिवस राहिलं की सगळंच भरून येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते वर्ष आम्ही हसण्यात घालवलं होतं.

आता ती मागं पट्टा असलेली चप्पल घालते आणि तोंड धुताना एक हात भिंतीला लावते. तो हात दिसला की मला माझंच वाक्य आठवतं. तुमच्याही घरी कुणी "वयस्सातु" म्हणत असेल, तर मान डोलावण्याआधी त्यांचा गोळ्यांचा डबा एकदा उघडून पाहा. आणि तो डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा.