शिकवणारे विमान

मुलामुलींनो, लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारा ड्रोन तुम्ही पाहिला असेल. तो हवेत एका जागी थांबतो. चालवणाऱ्याने हात काढला तरी खाली पडत नाही. म्हणूनच शाळेच्या विज्ञान मंडळासाठी एखादे उडणारे यंत्र घ्यावे असा विषय निघाला, की बहुतेक मुले ड्रोनचेच नाव घेतात. माझे मत थोडे वेगळे आहे. शाळेने आधी रेडिओवर चालणारे एक साधे ट्रेनर विमान घ्यावे, असे मला वाटते.

ट्रेनर म्हणजे शिकवणारे विमान. याचा पंख मोठा असतो आणि तो विमानाच्या पाठीवर बसवलेला असतो. पंखाची दोन्ही टोके किंचित वर उचललेली असतात. समोरून पाहिले, तर उघडून ठेवलेल्या पुस्तकासारखा आकार दिसतो. या आकारातच खरी युक्ती आहे. विमान एका बाजूला कलले, की ते त्या बाजूला घसरू लागते. तेव्हा खाली गेलेल्या पंखाला हवेचा आधार जास्त मिळतो आणि विमान पुन्हा सरळ होऊ लागते. शिवाय ते हळू उडते, त्यामुळे शिकणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो.

आता ड्रोनशी तुलना करा. ड्रोनला स्थिर ठेवण्याचे काम त्याच्यातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. ती काय करते, हे आपल्याला दिसत नाही. ट्रेनर मात्र आपल्या पंखांच्या आकारामुळे सावरते. ते का सावरले, हे मूल डोळ्यांनी पाहू शकते आणि वहीत आकृती काढून समजावून सांगू शकते. ड्रोन वाईट आहे, असे मी म्हणत नाही. शेतात आणि पूरग्रस्त भागात त्याचा मोठा उपयोग होतो. पण शिकण्यासाठी असे यंत्र हवे, जे आपली चूक सांभाळून घेईल आणि तरीही आपले काम आपल्यालाच करू देईल. चांगला उस्तादही असाच असतो.

या विमानाचा अर्धा अभ्यास तर जमिनीवरच होतो. पहिली गोष्ट म्हणजे तोल. बॅटरी बसवल्यावर दोन बोटांवर पंख तोलून विमानाचा गुरुत्वमध्य पाहावा लागतो. बहुतेक ट्रेनरमध्ये तो पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर असतो. शेपटीकडे वजन जास्त झाले, तर विमान नाक वर करते, त्याचा वेग कमी होतो आणि ते अचानक कोसळते. अशा वेळी बॅटरी थोडी पुढे सरकवली, की काम होते. गुरुत्वमध्याची व्याख्या पाठ करणारी मुले पुष्कळ असतात. तो बोटांवर शोधणारे मूल ती व्याख्या कधी विसरणार नाही.

शेपटीचे महत्त्व किती जुने आहे पाहा. नवव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिर्नास यांनी अंगाला पंख लावून उडण्याचा प्रयत्न केला होता. सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी लिहितात, की ते काही अंतर उडाले, पण उतरताना त्यांच्या पाठीला इजा झाली. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात आणि इब्न फिर्नास यांनी शेपूट लावली नव्हती, असे कारणही त्यांनी दिले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे तपासणी. आधी हातातील ट्रान्समीटर चालू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची. बंद करताना क्रम उलटा. त्यानंतर विमानाच्या मागे उभे राहून दांडी उजवीकडे न्यायची. उजव्या पंखाची मागची पट्टी वर आणि डाव्या पंखाची खाली गेली पाहिजे. या पट्ट्यांना एलेरॉन म्हणतात. त्या उलट्या हलल्या, तर विमान उडताच विरुद्ध दिशेला वळेल आणि जमिनीवर आदळेल. ही तपासणी एका मिनिटाची आहे. ती टाळली, तर कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते.

उड्डाणाच्या वेळी वाऱ्याकडे तोंड करून विमान सोडावे. पुरेशा उंचीवर गेल्यावरच ते वळवावे, कारण उंची असेल तर चूक सुधारायला वेळ मिळतो. खरी परीक्षा विमान आपल्याकडे येऊ लागले, की सुरू होते. तेव्हा त्याचे उजवे आपले डावे होते आणि नवशिका गोंधळतो. यावर एक सोपा उपाय आहे. जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी न्यावी. विमान सरळ होते. सोबत अनुभवी माणूस हवाच. दोन ट्रान्समीटर जोडून उडवण्याची सोय असते. शागिर्द चुकला, की उस्ताद एका बटणाने विमान आपल्या ताब्यात घेतो.

काही पालक म्हणतात, हा श्रीमंतांचा खेळ आहे. खर्च आहे, हे खरे. साध्या ट्रेनरचा पूर्ण संच एखाद्या चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतो. पण एका मोबाइलवर एकच मूल खेळते, तर एका विमानावर वीस मुले शिकू शकतात. फोमचे विमान मोडले, तर ते चिकटवून पुन्हा उडवता येते. काहींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांनी राइट बंधूंची गोष्ट आठवावी. १८७८ मध्ये वडिलांनी त्यांना बांबू, बूच, कागद आणि रबर यांचे एक उडणारे खेळणे आणून दिले होते. त्याच खेळण्याने उडण्याची आवड लावली, असे ते पुढे सांगत. १९०१ मध्ये त्यांनी पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने तपासले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान पहिल्यांदा उडाले, तेव्हा ते फक्त बारा सेकंद हवेत होते. त्या बारा सेकंदांमागे अनेक वर्षांची तयारी होती.

धोक्याची काळजी मात्र घेतलीच पाहिजे. फिरणाऱ्या पंख्याजवळ बोट नेऊ नये. माणसांच्या डोक्यावरून विमान नेऊ नये. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग केलेले आहेत. आपले मैदान कोणत्या विभागात येते, हे शिक्षकांनी आधी पाहावे.

एन.सी.सी.च्या हवाई शाखेत विमानांचे नमुने बनवणे आणि उडवणे हा प्रशिक्षणाचा भाग आहे. मग आपल्या उर्दू शाळांतील मुलामुलींनी मागे का राहावे? हवेचे नियम सर्व भाषांत सारखेच आहेत. ट्रेनरची दांडी हलवायला ताकद लागत नाही, लक्ष लागते. म्हणून विज्ञान मंडळाच्या पुढच्या सभेत तुम्हीच हा विषय काढा. आधी मैदान शोधा, जाणकार माणूस शोधा, खर्चाचा हिशेब मांडा आणि मुख्याध्यापकांना अर्ज लिहा. अर्ज मराठीतच लिहा. तेवढाच मराठीचाही सराव होईल.