दिवे घरात, किल्ली कंपनीकडे



पुण्या-मुंबईतल्या नव्या प्रकल्पांच्या माहितीपत्रकात ‘स्मार्ट होम’ हे शब्द आता जलतरण तलावाच्या वर छापले जातात. मोबाइलवरून दिवे, आवाजावर पंखा, दाराला बोटाच्या ठशाचे कुलूप. ग्राहक किंमत विचारतो, वॉरंटी विचारतो. हे सगळे ज्या कंपनीच्या सर्व्हरवर चालते, तो बंद पडला तर काय, हे विचारायचे त्याला सुचत नाही. सुचले तरी सेल्स ऑफिसात उत्तर देणारे कुणी नसते.

अमेरिकेतल्या ग्राहकांना ते उत्तर केव्हाच मिळाले आहे. घरातली वेगवेगळी उपकरणे जोडणारी ‘रिव्हॉल्व’ नावाची 300 डॉलरची पेटी तिथे विकली जात होती. ती बनवणारी कंपनी 2014 मध्ये ‘नेस्ट’ या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीने घेतली आणि मे 2016 मध्ये सेवा गुंडाळली. पेटीत कसलाही बिघाड नसताना ती निकामी झाली. ‘विंक’ या अशाच कंपनीने मे 2020 मध्ये ग्राहकांना आठवड्याभराची मुदत दिली: महिना 4.99 डॉलर भरा, नाहीतर ॲप विसरा. ओरड झाल्यावर तारीख पुढे गेली, शुल्क मात्र लागलेच. ‘इन्स्टिऑन’ने तर एप्रिल 2022 मध्ये तेवढेही सौजन्य दाखवले नाही. पूर्वसूचना न देता सर्व्हर गप्प झाले. त्याच वर्षी जूनमध्ये काही ग्राहकांनी मिळून ती कंपनीच विकत घेतली, तेव्हा कुठे सेवा पुन्हा सुरू झाली. बटण चालावे म्हणून कंपनी विकत घेण्याची ऐपत किती जणांची असते?

यावर तोड नाही, असे मुळीच नाही. ॲमेझॉन, ॲपल आणि गूगल या एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या कंपन्या डिसेंबर 2019 मध्ये झिगबी अलायन्स या उद्योगसंघटनेसह एकत्र आल्या आणि ऑक्टोबर 2022 मध्ये ‘मॅटर’ या समाईक मानकाची पहिली आवृत्ती बाहेर पडली. खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा किंवा अकरा आकडी कोड टाकायचा. ब्लूटूथवर ओळख पटते आणि पुढचे बोलणे वायफायवर किंवा ‘थ्रेड’ या कमी विजेच्या जाळ्यावर, घरातल्या घरात होते. दिवा लावण्याचा हुकूम सातासमुद्रापारच्या सर्व्हरवर जाऊन यायची गरज उरत नाही. एकच दिवा दोन कंपन्यांच्या ॲपमध्ये नांदू शकतो. सुनेचा आयफोन आणि सासऱ्यांचा अँड्रॉइड, दोघांचेही तो ऐकतो. अर्थात त्यासाठी त्या त्या कंपनीचा स्पीकर किंवा हब घरात असावा लागतो आणि तोंडी हुकूम ओळखायला बहुतेक वेळा इंटरनेट लागतेच. पण ॲपवरचे बटण इंटरनेटवाचून अडायलाच हवे असे नाही.

मानक आले म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. केर काढणाऱ्या रोबोची सोय मॅटरमध्ये ऑक्टोबर 2023 मध्ये झाली. ॲपलच्या ‘होम’ ॲपमध्ये ती यायला मार्च 2025 उजाडला. ज्यांनी मानक लिहिले त्यांचीच ही चाल, तर इतरांच्या मर्जीवर किती विसंबायचे?

आपल्याकडचा अनुभव याहून बोलका आहे. डीटीएच कंपनी बदलली की चांगला चालणारा सेट-टॉप बॉक्स माळ्यावर जातो. कोणत्याही कंपनीला चालेल असाच बॉक्स सक्तीचा करा, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने एप्रिल 2020 मध्ये केली होती. बॉक्स अजूनही माळ्यावरच जातात. याच देशात 2016 मध्ये यूपीआय आले. खाते एका बँकेचे, ॲप दुसऱ्याचे आणि दुकानदाराचा क्यूआर तिसऱ्याचा, तरी पैसे पोहोचतात. तिथे ही व्यवस्था कंपन्यांच्या सवडीवर सोडलेली नव्हती, फरक इतकाच.

प्रमाणपत्राचा खर्च छोट्या देशी उत्पादकाला जड जाईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सरसकट मॅटरची सक्ती करण्याऐवजी आधी माहितीची सक्ती व्हावी. ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणाला सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील, हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. आपल्या केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे, याचा निर्देशांक ठरवण्यासाठी 2024 मध्ये समिती नेमली होती. स्मार्ट स्विच आणि कुलपेही त्या निर्देशांकाच्या कक्षेत घ्यावीत आणि कंपनीचा सर्व्हर बंद झाल्यावर त्यांतले काय चालू राहील, हे खोक्यावर ठळक छापायला लावावे.

फ्लॅटबाबत तर दिल्लीकडे पाहण्याचीही गरज नाही. राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या, म्हणजे महारेराच्या, नमुना विक्रीकरारात फरशी, नळ, लिफ्ट यांचा ब्रँड किंवा किमतीचा पल्ला परिशिष्टात लिहावा लागतो. त्याच परिशिष्टात स्मार्ट उपकरणे कोणत्या खुल्या मानकावर चालतात आणि इंटरनेटशिवाय कोणती चालतात, एवढ्या दोन ओळी वाढवाव्यात. बिल्डर ताबा देऊन निघून जातो. भिंतीतल्या वायरिंगसह ती यंत्रणा पुढची पंधरा-वीस वर्षे सांभाळायची असते ती सोसायटीला. ताबा घेण्याआधी ग्राहकाने या दोन ओळी लेखी मागितल्या, तर आजच्या कायद्यातही त्याला कुणी अडवत नाही.

— एक वाचक, पुणे