शिंगाळ्याची नोंद लंडनला झाली, पालमला कधी?

पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात टाकलेल्या जाळ्यात शिंगाळा अडकला, तर भोई आधी त्याचे काटे सांभाळतो. फावड्यासारखे चपटे तोंड, लांबलचक मिशा आणि शेपटीकडच्या मांसल परावर एकच काळा ठिपका. शास्त्रात याचे नाव ‘स्पेराटा सींघाला’. त्यातला दुसरा शब्द ना लॅटिन, ना ग्रीक. तो आपला शिंगाळाच, साहेबाच्या कानाने ऐकलेला.

साहेब म्हणजे कर्नल विल्यम हेन्री सायक्स. मुंबई सरकारने 1824 मध्ये त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. त्या फिरतीत त्याने मुळा-मुठा आणि भीमेतले मासेही तपासले. त्यांची वर्णने 1839 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापली. बिनखवल्यांच्या मिशाळ माशांपैकी कित्येकांना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचीच नावे दिली: शिंगटीचे ‘सींगटी’, घोगऱ्याचे ‘गोग्रा’. पहिल्यांदा छापलेले रूप शक्यतो बदलायचे नाही, असा नामकरणाचा संकेत असल्याने ही नावे जगभर तशीच चालतात.

दोन मोठ्या माशांपाशी मात्र कर्नलला लंडनची मंडळी आठवली. एकाला वृत्तपत्रविक्रेता आणि निसर्ग अभ्यासक विल्यम यॅरेलचे नाव मिळाले, दुसऱ्याला ब्रिटिश म्युझियमच्या जॉन चिल्ड्रनचे. ‘यॅरेली’ किंवा ‘चिल्ड्रेनी’ वाचून मासा कुठला नि कसा, याचा काडीचाही पत्ता लागत नाही.

याउलट कृष्णेच्या खोऱ्यातला खवलचोर! सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1952 मध्ये त्याचे वर्णन केले आणि नाव ठेवले ‘निओट्रोपियस खवलचोर’. पठ्ठ्याच्या स्वतःच्या अंगावर एक खवला नाही, आणि दुसऱ्या माशांचे ओरबाडून खातो. त्याला हे नाव ठेवणाऱ्याने त्याची खोड बरोबर हेरली होती.

अशी नावे आज लिहून घेण्याची सोय आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या आल्या. पण माशांच्या रकान्यात ‘कॅटफिश’ किंवा नुसते ‘मांगूर’ लिहून हात झटकले, तर ती वही कुचकामी ठरेल. मांगूर म्हटले की देशी ‘क्लॅरियस मागुर’ही आला आणि बंदी असलेला ‘क्लॅरियस गॅरिपिनस’ही. दुसऱ्याला आपल्याकडे थाई मांगूर म्हणतात, पण त्याचे शास्त्रीय नाव दक्षिण आफ्रिकेतल्या गॅरिप नदीवरून पडले आहे. थायलंडशी त्याचा मूळ संबंध नाही. देशी मासा आणि त्याच्या मुळावर उठलेला परका, दोघे एकाच शब्दाखाली नोंदले तर नदीत नेमके काय घटते आहे ते कसे कळणार?

सायक्सच्या हाती लागलेले मासे मुख्यतः भीमेच्या खोऱ्यातले. गोदावरीकाठच्या भोयांकडे याच माशांना वेगळी नावे असतील, पिल्लांना आणखी वेगळी. पालम तालुक्यातल्या जैवविविधता समित्यांनी ती ग्रामपंचायतीच्या टेबलावर बसून न लिहिता जाळे काठाला लागते त्या वेळी लिहावीत: माशाचा फोटो, भोयाने सांगितलेले नाव, शेजारी शास्त्रीय नाव आणि सांगणाऱ्याच्या गावाचा उल्लेख.