आधी पोल हलवून बघा, मग घुमट बांधा

विद्यापीठाच्या नव्या 'बहुउद्देशीय बास्केटबॉल अरिना'चं चित्र गेले आठ दिवस आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरतंय. काचेचा दर्शनी भाग, आत चकचकीत लाकडी कोर्ट, वर गोल छत, बाहेर ॲथलेटिक्सचा निळा ट्रॅक. चित्रातली माणसं मात्र आपल्याकडची नाहीत, आर्किटेक्टच्या संगणकात तयार मिळतात तसली गोरीपान, हातात कॉफीचा कप घेतलेली. खाली अंगठ्यांचा पाऊस आणि 'अभिनंदन साहेब'. या कोर्टवर खेळणार कोण आणि तो तिथपर्यंत पोचणार कसा, हे एकानंही विचारलेलं नाही.

म्हणून मी विचारतोय. राग येणाऱ्यांना येऊ द्या.

विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचणाऱ्यांना ते माहीत आहे, आणि नाव काढून टाकलं तरी ही पोस्ट राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांना कमी-जास्त लागू पडेल.

या प्रकल्पाची बाजू घेताना एक परिचित प्राध्यापक म्हणाले, "अमेरिकेतली विद्यापीठं बघा, कुठं पोचलीत." बघू या की. आपल्यासारख्याच एका लहान गावापासून बघू. कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, वस्ती लाखाच्या आत. तिथं कॅन्सस विद्यापीठ. बास्केटबॉल हा खेळ ज्यानं १८९१ साली स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए शाळेत शोधला, तो जेम्स नाइस्मिथ १८९८ मध्ये या विद्यापीठात नोकरीला आला आणि तिथला पहिला प्रशिक्षक झाला. (गंमत अशी, की खेळ शोधणारा हा माणूस त्या विद्यापीठाचा असा एकच प्रशिक्षक आहे, ज्याच्या खात्यात विजयांपेक्षा पराभव जास्त आहेत.) त्याचा शिष्य फॉग ॲलन. ॲलनच्या नावाचं 'ॲलन फील्डहाउस' १ मार्च १९५५ ला उघडलं. आजही तिथं पंधरा हजारांवर माणूस बसतो आणि छत उडेल एवढा आवाज करतो. नाइस्मिथनं टाइप करून घेतलेले खेळाचे मूळ तेरा नियम २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरना गेले. ते कागद आता त्याच इमारतीला लागून जपून ठेवलेत.

पण त्याआधीची गोष्ट आपल्या कामाची आहे. १९५५ पर्यंत तिथले सामने हॉक ऑडिटोरियममध्ये व्हायचे. १९२७ ची इमारत. नाटकं तिथंच, गाण्याचे कार्यक्रम तिथंच, आणि बास्केटबॉलही तिथंच. म्हणजे बहुउद्देशीय हॉल त्यांनी वापरून बघितला होता! जागा अपुरी, सगळ्या विद्यार्थ्यांना सामना बघायला मिळेना, खेळाची अडचण व्हायला लागली, तेव्हा त्यांनी खेळासाठी वेगळी इमारत मागितली. कोरियाचं युद्ध चालू होतं, पोलादावर सरकारी बंधन होतं. तर इमारतीचा उपयोग शस्त्रागार म्हणूनही होईल असं दाखवून त्यांनी पोलाद मिळवलं. कागदावर शस्त्रागार, आत खेळ. आपल्याकडे बरोबर याच्या उलटं होतं. कागदावर खेळ, आत काय ते पुढं लिहितो.

त्या छताखाली सुरुवातीला धावपटूंचा सरावही चालायचा. १९८४ मध्ये शेजारी दुसरी बंदिस्त इमारत झाली तेव्हा ते तिकडं गेले. म्हणजे गरज वाढली तशी एकेक सोय वाढत गेली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विद्यार्थी तिथंच राहतो. वसतिगृहातून निघायचं, चालत कोर्टवर यायचं, खेळायचं, अंघोळ करून वर्गात बसायचं. अरिना मधोमध आणि पोरं भोवती.

आता आपलं बघा. आपलं विद्यापीठ म्हणजे एक आवार आणि त्याला जोडलेली जिल्ह्याजिल्ह्यांतली कॉलेजं. कोल्हापूरच्या विद्यापीठाखाली तीन जिल्हे, नांदेडच्या खाली चार, अमरावतीच्या खाली पाच. सोलापूरसारखं एका जिल्ह्याचं विद्यापीठ हा अपवाद. गोंडवाना विद्यापीठाला दोनच जिल्हे, पण सिरोंचाच्या मुलीला गडचिरोलीला यायचं तर दोनशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे. आपल्याकडे विद्यापीठाच्या आवारात शिकणारे थोडे, बाकीचा सगळा पसारा तालुक्याच्या कॉलेजांत. खेळाडूही तिथंच. आंतरमहाविद्यालयीन सामने तिथंच होतात. विद्यापीठाचा संघ निवडला, की अश्वमेधच्या किंवा पश्चिम विभागाच्या स्पर्धेआधी काही दिवसांचं सराव शिबिर मुख्यालयी लागतं. पोरं त्या आवारात खेळाडू म्हणून राहतात ती तेवढीच. वर्षातले उरलेले सगळे दिवस ती आपापल्या गावात, आपापल्या कॉलेजच्या कोर्टवर असतात. त्या कोर्टचं चित्र कुणी काढत नाही.

अमेरिकेचा घुमट आपण उचलला. त्या घुमटाभोवती राहणारी पोरं कुठून आणणार?

मी गेल्या पंधरवड्यात आपल्या तालुक्यातली आणि शेजारची अशी चार कॉलेजं फिरलो. कॉलेजांची नावं देत नाही, तिथले शिक्षक उगाच अडचणीत येतील. पहिल्या ठिकाणी कोर्टवर दुचाकी लावलेल्या, फ्री थ्रोची रेघ शोधायला गाड्या बाजूला घ्याव्या लागल्या. दुसरीकडे सोयाबीन वाळत घातलेलं. संस्थेच्या सचिवांचं आहे म्हणे, बोलणार कोण. तिसरीकडे एका बाजूला रिंग आहे, दुसऱ्या बाजूला नुसताच बोर्ड. चौथ्या ठिकाणी कोर्ट खरंच चांगलं राखलेलं. तिथले शारीरिक शिक्षण संचालक दोन वर्षांनी निवृत्त होतायत आणि त्यांची जागा भरली जाईल असं त्यांना स्वतःलाही वाटत नाही. बाकी तिघांपैकी दोन कॉलेजांत हे पदच रिकामं आहे. मराठीचे सर 'क्रीडा विभागाचंही बघतात'.

चारही ठिकाणी मी एक काम केलं, पोल धरून हलवला. दोन ठिकाणी हलला.

याची थट्टा करू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात काय झालं ते आठवा. रोहतक जिल्ह्यातलं लाखनमाजरा गाव. सोळा वर्षांचा, राष्ट्रीय स्पर्धा खेळलेला मुलगा कोर्टवर एकटाच सराव करत होता. उडी मारून रिंगला धरलं आणि अख्खा लोखंडी पोल त्याच्या छातीवर आला. सीसीटीव्हीचा तो तुकडा आपण सगळ्यांनी मोबाइलवर बघितला, पुढं पाठवला, हळहळलो. त्याच्या एक-दोन दिवस आधी जवळच्याच बहादूरगडमध्ये पंधरा वर्षांच्या मुलावर असाच पोल पडला होता. तोही गेला. दोन घरांतले दोन मुलगे, एका आठवड्यात. बास्केटबॉल खेळताना!

पोल पडतो कसा, हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. बास्केटबॉलचा बोर्ड कोर्टच्या शेवटच्या रेषेवर नसतो, रेषेच्या आत सव्वा मीटरभर पुढं आलेला असतो. पोल रेषेच्या बाहेर. म्हणजे बोर्डाचं सगळं वजन पुढं लोंबतं आणि पोलाला कायम कोर्टच्या दिशेनं ओढत राहतं. तो ओढा सगळा बुडाशी येतो. आणि बूड कुठं असतं? जमिनीच्या पातळीला, जिथं पावसाचं पाणी साचतं, गवत उगवतं, गंज आधी धरतो. आपल्याकडे स्पर्धा आली की पोलाला रंग मारतात. रंग दिसतो, गंज झाकला जातो. त्यात एखादा उंच पोरगा रिंगला लटकला की संपलं. लटकू नये हे खरं. पण टीव्हीवर एनबीए बघणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा लटकणारच, हे धरूनच पोल उभा करायचा असतो.

हे तपासायला किती लागतं? वेल्डरचं दिवसभराचं काम, बुडाशी चार घमेली काँक्रीट, पोलाला गुंडाळायला फोम. आणि कुणीतरी कागदावर सही करायची, की मी तपासलं, हा पोल सुरक्षित आहे. सगळ्यात अवघड ही सहीच. अरिनाच्या कोनशिलेवर नाव घालायला आपल्याकडे रांग लागते, गंजक्या पोलाच्या तपासणीवर सही करायला माणूस मिळत नाही.

आता त्या 'बहुउद्देशीय' शब्दाकडे येतो. हा शब्द मराठी सरकारी कागदांमधला सगळ्यात लबाड शब्द आहे. नगरपालिकेचं बहुउद्देशीय सभागृह म्हणजे लग्नाचा हॉल, हे आपल्याला पाठ आहे. उद्देश अनेक म्हटले, की पहिला हक्क कुणाचा हे लिहावं लागत नाही. मग पदवीदान समारंभ, उत्तरपत्रिका तपासणी, रोजगार मेळावा, बचत गटांचं प्रदर्शन, मंत्र्यांचा सत्कार. यातलं एकही काम वाईट नाही. पण लाकडी कोर्टवर हजार लोखंडी खुर्च्या ओढल्या, मंडपवाल्यानं खांब रोवले, की ते कोर्ट राहत नाही. अमेरिकेत अशा अनेक हॉलांमध्ये कोर्ट तुकड्यातुकड्यांचं असतं. कार्यक्रमाआधी उचलून ठेवतात, नंतर परत जोडतात, त्यासाठी पगारी, शिकलेली माणसं असतात. आपल्याकडे एक शिपाई आणि एक सतरंजी. आणि कुलूप. किल्ली साहेबांकडे, साहेब मुंबईला.

छताखाली जाऊनही खेळाडू बाहेरच राहतो याचं उदाहरण २०२२ मधलं. दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये खेळाडूंना संध्याकाळी सातच्या सुमारास बाहेर काढलं जायचं, कारण नंतर एक बडा अधिकारी कुत्रं फिरवायला येई. बातमी आली, बदली झाली. राजधानीत वर्तमानपत्राचा माणूस तिथं उभा राहिला म्हणून हे कळलं. आपल्याकडे कोण उभं राहणार? मी फार तर आठवड्यातून एकदा जाईन.

छताला माझा विरोध नाही. आंतरमहाविद्यालयीन हंगाम नेमका पावसाळ्याच्या तोंडावर आणि नंतर असतो, दोन सरी आल्या की सिमेंटच्या कोर्टवर पाय सरकतात, सामने पुढं जातात. वर्षभर सिमेंटवर खेळून पोरांचे गुडघे जातात. सिमेंटवर शिकलेला संघ मोठ्या स्पर्धेत लाकडी कोर्टवर गेला की चेंडूचा टप्पा आणि पायाची पकड दोन्ही वेगळी लागते, पहिला सामना समजून घेण्यातच जातो. हे सगळं मान्य. एक चांगला बंदिस्त हॉल मुख्यालयी जरूर हवा. प्रश्न क्रमाचा आहे, आणि पैसा कुणाचा, याचा आहे.

पैसा कुणाचा? तुमच्या मुलाची प्रवेशाची पावती काढा. त्यात क्रीडा शुल्क, जिमखाना असं काहीतरी सापडेल. त्यातला काही हिस्सा विद्यापीठाला जातो. एफवायच्या प्रत्येक पोरानं दिलेला. शेतमजुराच्या मुलीनंही दिलेला, जिला सहाची शेवटची एसटी गाठायची असते आणि म्हणून सरावाला थांबताच येत नाही. तिच्या पैशातून अरिना होणार आणि ती तो फोटोत बघणार. अमेरिकेचंच उदाहरण द्यायचं तर हेही सांगा, की तिथं तिकिटं, टीव्हीचे करार, देणगीदार यांच्यावर मोठ्या विद्यापीठांचा खेळ चालतो. २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागलीत, वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत. आणि जिथं एवढी कमाई नाही तिथल्या लहान विद्यापीठांत खेळाची तूट विद्यार्थ्यांच्या फीमधून भरतात, म्हणून तिथली पोरंही ओरडतायत. आपला अरिना यातल्या कुठल्या गटात बसणार, तिकीट विकणाऱ्या की फी वाढवणाऱ्या, हे कुलगुरूंनी आधी सांगावं.

माझी मागणी साधी आहे. अरिनाचं टेंडर निघायच्या आधी संलग्न कॉलेजांतल्या प्रत्येक बास्केटबॉल पोलाची तपासणी व्हावी, आणि कोणता पोल कधी, कुणी तपासला ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावं. असुरक्षित पोल त्याच दिवशी उतरवावा. रिंग नसलेलं मैदान परवडलं. मग प्रत्येक तालुक्यात निदान एका कॉलेजच्या कोर्टवर साधी पत्र्याची शेड आणि दिवे, मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि पाण्याचा नळ. शारीरिक शिक्षण संचालकांच्या रिकाम्या जागांसाठी विद्यापीठानं शासनाच्या मागं लागावं, नुसतं पत्र पाठवून गप्प बसू नये. एवढं झालं की खुशाल घुमट बांधा. आणि बांधाल तेव्हा 'बहुउद्देशीय' हा शब्द काढून त्या जागी नियम लिहा, की वर्षातले किती दिवस, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत हे कोर्ट फक्त खेळाडूंचं आहे. तो कागद दारावर चिकटवा.

अर्थसंकल्प अधिसभेपुढं येतो. आपल्या जिल्ह्यातून पदवीधर गटातून निवडून गेलेले सदस्य मत मागायला आपल्या दारात आले होते, त्यांचे नंबर तुमच्याकडेही असतील. मी त्यांना आज सकाळी तीन प्रश्न पाठवलेत. तालुक्यातल्या कोर्टांसाठी यंदा किती तरतूद आहे, पोल तपासणीचा ठराव तुम्ही मांडणार का, आणि अरिना भाड्यानं देण्याचे दर आधीच ठरलेत हे खरं आहे का. एकानं निळी टिक दिली आहे. बाकीच्यांची वाट बघतोय.

तोपर्यंत तुमच्या गावातल्या कॉलेजच्या पोलाच्या बुडाचा फोटो काढून मला पाठवा. बुडाचा, वरून नको. गवत बाजूला करून.